प्रत्येक कागदापुढे एक ओळ : अपिलं ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्य शासनाच्या निरनिराळ्या कार्यालयांत अपिलं ऐकणारे सर्व अधिकारी,
मुंबई शहर व मुंबई उपनगर

विषय : अपिलाच्या आदेशात कारणं लिहिण्याबाबत

महोदय, महोदया,

पुनर्विकासाच्या यादीत झोपडी अपात्र ठरवली म्हणून माझ्या आईने अपील केलं होतं. त्याचा आदेश हातात आला तेव्हा मी आधी पानं मोजली. तीन होती. पहिल्या पानावर आईचं नाव, पत्ता, आमच्या वस्तीचं वर्णन. दुसऱ्या पानावर शासन निर्णयांचे क्रमांक आणि तारखा. तिसऱ्या पानावर मधोमध चार ओळी : 'अपिलार्थी यांनी सादर केलेल्या कागदपत्रांचे अवलोकन केले. सक्षम प्राधिकारी यांच्या निर्णयात हस्तक्षेप करण्याचे कारण दिसून येत नाही. सबब, अपील फेटाळण्यात येत आहे.' खाली सही आणि गोल शिक्का.

आईला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फेटाळलं ते कळलं गं. पण का, ते कुठं लिहिलंय?"

मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचत गेले. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आई १९८४ पासून भांडुपच्या टेकडीवर राहते. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि त्यांच्या खात्याचा भोंगा त्यानंतर वाजलाच नाही. भाड्याची खोली सोडावी लागली. गावच्या एका ओळखीच्या माणसाने टेकडीवरची जागा दाखवली. चार वासे, पत्रे, आणि पहिल्या पावसाळ्यात पायाखालून वाहणारं पाणी. खालच्या नळावरून हंडा वर आणायला तेव्हा एकशे दहा पायऱ्या होत्या. आई अजून तो आकडा सांगते. वडील पुढे वॉचमन झाले, आई डबे करून द्यायला लागली. १९९३ ला मीटर आला. २००६ मध्ये वडील गेले. मीटर आजही त्यांच्याच नावावर आहे, कारण नाव बदलायला गेलं की आणखी कागद लागतात आणि डबे करणाऱ्या बाईला दुपारची सवड नसते.

आता त्या टेकडीवर पुनर्विकासाची योजना आली. ज्यांना याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. योजनेत कुणाला घर मिळणार ते 'परिशिष्ट-२' नावाच्या यादीवर ठरतं. यादीत प्रत्येक झोपडीपुढे पात्र किंवा अपात्र असं लिहितात. १ जानेवारी २००० किंवा त्याआधीपासूनची झोपडी असेल तर ३०० चौरस फुटांचं घर मोफत. त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख रुपये भरून. त्याच्याही पुढची असेल तर काही नाही. पात्र माणसाला इमारत होईपर्यंत भाडं मिळतं. अपात्र माणसाची झोपडी मात्र पात्र माणसाच्या झोपडीबरोबर त्याच दिवशी पडते. तेव्हा शेऱ्याच्या रकान्यातला तो शब्द म्हणजे आमच्या घरात चाळीस वर्षांचा हिशेब आहे.

आईच्या नावापुढे शेरा होता : 'अपात्र. पुरावे अपुरे. सर्वेक्षणावेळी झोपडी बंद.'

झोपडी त्या दिवशी बंद होती हे खरं आहे. मामा वारले होते. आई तेराव्याला खटाव तालुक्यातल्या गावी गेली होती. दाराला कुलूप लावून आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवून गेली होती. काकूंनी ते सांगितलंही. पण मोजणीला आलेल्या मुलांनी दारावर रंगाने नंबर टाकला, कुलपाचा फोटो काढला आणि ती पुढे गेली. मी त्यांना दोष देत नाही. टेकडीवर उन्हात दिवसाला शंभर दारं करायची म्हणजे खेळ नव्हे.

अपिलात आम्ही सात कागद जोडले. नोव्हेंबर १९९८ चं वीजबिल, वडिलांच्या नावावर, माथ्यावर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. (भांडुपला वीज मंडळाची, आता महावितरणची, बेस्टची नाही.) तेव्हाचं चालू बिल, ग्राहक क्रमांक तोच. १९९५ च्या मतदारयादीचा उतारा, त्यात आईवडील दोघंही; आईच्या नावाला 'बाई' जोडलेलं आणि आडनावातला एक काना गळालेला. केशरी रेशनकार्ड. महापालिकेच्या मराठी शाळेतला माझा दाखला. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, त्यावर टेकडीवरचा पत्ता. आणि आईचं आधार कार्ड.

हे सगळे कागद निर्विवाद आहेत असं मी म्हणत नाही. मतदारयादीतलं नाव जुळत नाही असं एखादा अधिकारी म्हणू शकतो. वीजबिलावरचा घर नंबर आणि दारावर रंगवलेला सर्वेक्षणाचा नंबर वेगळा आहे, तेव्हा ही तीच झोपडी कशावरून, असंही विचारू शकतो. आम्ही त्याला उत्तर दिलं असतं. काकूंना उभं केलं असतं, वीज कार्यालयातून पत्र आणलं असतं. पण कुणी विचारलंच नाही.

सुनावणीच्या दिवशी नोटिशीत अकराची वेळ होती. आईचे गुडघे गेले आहेत. दादरला गाडी बदलताना पुलाच्या पायऱ्या ती कठड्याला धरून एकेक करून चढली. बाहेरच्या बोर्डावर त्या दिवशी त्रेचाळीस प्रकरणं लावली होती, मी मोजली. बसायला दोन बाकडी. आमचा पुकारा झाला तेव्हा साडेचार वाजले होते. आत गेलो. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "लेखी म्हणणं दिलंय ना?" मी म्हटलं, "दिलंय. पण वीजबिलाबद्दल एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "लेखी दिलंय तर मग झालं. आदेश होईल." आईने पिशवीतून मूळ बिल काढलं होतं, ते तिच्या हातातच राहिलं. दारात पुढचा माणूस उभा होता.

तुमच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे हाल मला कळत नाहीत असं नाही. अपिलं हे बहुतेकांचं एकमेव काम नसतंच. निवडणूक लागली की तुम्हाला तिकडे ओढतात, अधिवेशन आलं की उत्तरं करायला बसवतात, पदं रिकामी असतात, एकाकडे दोन टेबलांचा पदभार असतो. खोटे कागदही तुमच्याकडे येतात. एका माणसाच्या नावावर तीन तीन झोपड्या दाखवलेल्या मीही पाहिल्या आहेत, आणि असा माणूस पात्र ठरला की टेकडीवरच्या खऱ्या रहिवाशाचाच जीव जळतो. सगळ्यांना पात्र करा असं मी मागत नाही. माझ्या आईला पात्र करा असंही या पत्रात मागत नाही. तिचं दुसरं अपील आहे, ते त्याच्या जागी लढू.

माझं मागणं एवढंच आहे की प्रत्येक कागदापुढे एक ओळ लिहा. हा कागद पाहिला, आणि तो अमुक कारणाने धरला किंवा धरला नाही. सात कागद असतील तर सात ओळी.

ही काही माझ्या मनाची कल्पना नाही. याच शहरातल्या गरिबांच्या खटल्यात हे चाळीस वर्षांपूर्वी सांगून झालं आहे. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या फूटपाथवरच्या लोकांना हुसकावण्याचा निर्णय झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस खटला म्हणून तो ओळखला जातो. १० जुलै १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच निकालात सुनावणीबद्दल जे आहे त्याची आठवण फार कुणी काढत नाही. माणसाचं ऐकून घेणं आणि त्याला 'का' ते सांगणं, हे हक्क निकाल आपल्या बाजूने लागण्याच्या हक्काहून वेगळे आहेत, असा विचार न्यायालयाने तिथे मांडला. निकाल विरोधात जाणार असला तरी माणसाचं ऐकायचं, आणि त्याला कारण सांगायचं. फूटपाथवाले तो खटला पूर्णपणे जिंकलेही नव्हते. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, त्यांना हात लावू नका, आणि १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना दुसरी जागा द्या, असा तो निकाल होता. तरी त्यांना 'का' ते सांगितलं गेलं.

पुढे २०१० मध्ये क्रांती असोसिएट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितलं की निवाडा करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने कारणं नोंदवली पाहिजेत, आणि शिक्का मारल्यासारखी ठरावीक कारणं ही कारणं नव्हेत. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. त्याचं चौथं कलम म्हणतं की निर्णयाची झळ ज्याला लागते त्याला सार्वजनिक प्राधिकरणाने कारणं द्यावीत. मागायची वाटसुद्धा पाहायची नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. साधा रहिवासी दाखला नाकारायचा तरी त्याखाली कारण लेखी द्यावं लागतं, शिवाय अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं तेही कळवावं लागतं. दाखला नाकारताना एवढं सगळं पाळायचं, आणि घर नाकारताना 'अवलोकन केले' एवढ्यावर भागवायचं?

'अवलोकन केले' हा शब्द आता मला ऐकवत नाही. कारण आईच्या प्रकरणाची नस्ती, म्हणजे फाइल, मी पाहिली आहे.

आदेश आल्यावर मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं, नंतर पानाला दोन रुपयांप्रमाणे पैसे भरले. आईच्या प्रकरणातली टिप्पणीची पानं मिळाली. एका पानावर कुणा लिपिकाने, नाव माहीत नाही, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'सन १९९८ चे वीज देयक व चालू देयक तपासले. ग्राहक क्रमांक जुळतो.' त्याखाली आणखी कुणीतरी बरोबरची खूण केली होती.

म्हणजे कार्यालयातल्या एका माणसाने काम मन लावून केलं होतं. कागद पाहिला होता, क्रमांक ताडून पाहिला होता, जुळतो असं लिहून ठेवलं होतं. आदेशात त्याचा उल्लेखच आला नाही. तो पुरावा नाकारायचं काही कारण असेलही. असेल तर लिहायला हवं होतं. प्रत्येक कागदापुढे ओळ लिहायची सवय असती तर सही करण्यापूर्वी त्या वीजबिलापुढे थांबावंच लागलं असतं, आणि मग 'क्रमांक जुळतो' या दोन शब्दांवरून नजर नुसती फिरवून पुढे जाता आलं नसतं. त्या पानाची झेरॉक्स मी आईला दाखवली. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे लिहिणाऱ्याला कुणी विचारलं नसेल का?"

आता काकूंचं सांगते. त्यांचंही अपील फेटाळलं गेलं, दुसऱ्या अधिकाऱ्यांनी. पण त्या आदेशाचं तिसरं पान वेगळं होतं. त्यात लिहिलं होतं की १९९९ चं वीजबिल ज्या मीटरचं आहे तो मीटर मोजणीत शेजारच्या झोपडीत आढळला. तो काकूंच्या झोपडीत पूर्वी होता असं दाखवणारा कागद अपिलात नाही. रेशनकार्ड धरलं, पण ते २००३ चं असल्याने आधीच्या काळासाठी उपयोगी नाही. दोनच ओळी. काकू रडल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्या वीज कार्यालयाच्या दारात होत्या. २००१ मध्ये भिंत कोसळली तेव्हा मीटर शेजारच्या भिंतीवर हलवला होता, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तसं पत्र मिळवायला त्यांना पाच आठवडे लागले. ते आता दुसऱ्या अपिलाला जोडलं आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. पण त्या बाईला कुठं जायचं आणि काय आणायचं हे कळलं होतं. माझ्या आईला अजून कळलेलं नाही. पुरावे अपुरे म्हणजे नेमका कोणता कमी? नाव? नंबर? की बंद दार?

जिथे कारण लिहिलेलं नसतं तिथे दुसरी माणसं ते पुरवतात, हेही तुम्हाला सांगायला हवं. आदेश आल्याच्या तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आमच्या दारात आले. त्यांना आमचा अपील क्रमांक ठाऊक होता. ते म्हणाले, "ताई, कागदाचा प्रश्न नव्हता. आधी भेटायला हवं होतं. अजून होतं काम." आकडाही सांगितला. मी त्यांना घालवून दिलं. आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मात्र दागिने मोडले. त्या पैशातला रुपया तरी कुणा अधिकाऱ्यापर्यंत पोचला असेल असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. तुमच्यातले कितीतरी जण सरळ काम करतात यावर माझा विश्वास आहे. पण आदेशात कारण नसलं की सरळ माणसाच्या सहीवरही दलालाला धंदा करता येतो. 'तुमचं वीजबिल या कारणाने धरलं नाही' असं छापील अक्षरात असतं, तर आईनेच त्याला सांगितलं असतं, बाबा, हे कारण आहे, तुझं काय काम?

तारखेचीही गोष्ट आहे. अपिलाला मुदत तीस दिवसांची. आईला अपात्र ठरवणाऱ्या पहिल्या आदेशावर तारीख होती ४, आणि तो आमच्या हातात पडला २७ ला, तोही वस्तीच्या कमिटीतल्या मुलाने आणून दिला म्हणून. खाली अपील कुठे करायचं ते लिहिलेलं नव्हतं. सात दिवसांत वकील शोधला, कागद गोळा केले, नक्कल मिळवली, आणि तरी भीतीने विलंब माफीचा अर्ज सोबत जोडला. आदेशाखाली दोन वाक्यं छापली तर हा जीवघेणा आठवडा कुणालाच काढावा लागणार नाही : अपील कोणाकडे, आणि आदेश अर्जदाराला कोणत्या तारखेला पोचला.

काही जण सांगतात, हायकोर्टात रिट टाका. टाकता येईल. पण त्यापुढे काय होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. कारणं नसलेला आदेश न्यायालयासमोर गेला की पुष्कळदा तो रद्द होतो आणि प्रकरण पुन्हा ऐकून कारणांसह निर्णय द्या म्हणून तुमच्याकडेच परत येतं. आणि तेव्हा प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालून जुना आदेश सावरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ सालीच सांगितलं आहे. आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहतो किंवा पडतो. म्हणजे वकिलाची फी, दोन-तीन वर्षं, आणि पुन्हा त्याच बाकड्यावर, त्याच बोर्डाखाली. आई आता एकोणसत्तर वर्षांची आहे. सात ओळी लिहायला तुम्हाला वीस मिनिटं जास्त लागतील. त्या न लिहिल्यामुळे तीच फाइल तुमच्या टेबलावर दुसऱ्यांदा येते, तेव्हा ती वीस मिनिटं वाचली असं कसं म्हणायचं?

३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घेण्याचं काम मुंबई उच्च न्यायालयावर सोपवलं. त्यातून कायद्यात काय बदल व्हायचे ते होतील. ओळी लिहायला मात्र कायदा बदलावा लागत नाही, नवा शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही. ज्याच्या हातात पेन आहे त्याला पुढच्या सुनावणीपासून सुरुवात करता येईल.

आणि एक विनंती. पुकारा झाल्यावर समोरच्या माणसाकडे एकदा पाहा, आणि 'यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद कोणता?' एवढं विचारा. बहुतेकांना वकील परवडत नाही. पण स्वतःचा कोणता कागद भक्कम आहे हे अडाणी माणसालाही माहीत असतं. आईने ते बिल घडी न मोडता जपून आणलं होतं.

दुसऱ्या अपिलाला मी या वेळी एक तक्ता जोडला आहे. डावीकडे सातही कागदांची नावं आणि तारखा. मधल्या रकान्यात प्रत्येक कागद काय सिद्ध करतो ते, एकेका वाक्यात. वीजबिलापुढे टिप्पणीच्या त्या पानाचा क्रमांकही दिला आहे. उजवीकडचा रकाना मी रिकामा ठेवला आहे. त्याच्या माथ्यावर लिहिलं आहे : 'मा. अपिलीय अधिकारी यांचा अभिप्राय'. प्रत्येक कागदापुढे एक ओळ मावेल एवढीच जागा सोडली आहे.

आपली नम्र,
भांडुपच्या टेकडीवरच्या एका अपिलार्थी बाईची मुलगी